वाचकांचे प्रश्न : बागेचे फोटो फक्त डिसेंबरातच का?

नमस्कार मंडळी. ह्या महिन्यात आलेल्या पत्रांमधे झाडांपेक्षा झाडांच्या फोटोंचेच प्रश्न जास्त आहेत आणि वाचून मला मनापासून आनंद झाला. पूर्वी शेजारीण गेटमधून डोकावून बाग बघायची, आता तेच काम मोबाईलवर होतं, आणि खरं सांगू का, नीट काढलेल्या चार फोटोंमधून जेवढी बाग शिकता येते तेवढी कोणाच्या सल्ल्यातून येत नाही. चला, पत्रांकडे वळू.

प्रश्न : ताई, आमचं त्रिमूर्ती नगरात छोटं घर आहे, समोर थोडं अंगण आणि वर गच्ची. डिसेंबर-जानेवारीत पिटुनिया, शेवंती, डेलिया असे काही फुलतात की मी रोज सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर फोटो टाकते, सगळे कौतुक करतात. पण मार्च संपला की सगळं वाळायला लागतं, मे मधे तर गमल्यांकडे बघवत नाही, मग मी फोटो टाकणं बंदच करते. मैत्रिणी विचारून राहिल्या होत्या, काऊन बंद केलं म्हणून. पण वाळलेल्या बागेचे फोटो कोणाला बघायचे असतात बाप्पा? – एक गृहिणी, त्रिमूर्ती नगर

टाका ताई. नक्की टाका, आणि मे महिन्यातले तर आवर्जून टाका.

कारण सांगते. आपल्या नागपुरात डिसेंबर-जानेवारीची बाग सगळ्यांनाच जमते, नोव्हेंबर लागला की नर्सरीवाले हिवाळी रोपांचे ट्रे मांडून बसतात, रोप आणा, गमल्यात लावा, ऊन दाखवा, महिन्याभरात फुलं. ते फोटो सुंदरच असतात, त्याबद्दल वादच नाही. पण तुमचे जानेवारीचे फोटो बघून तुमच्याच ग्रुपमधली एखादी नवीन सून फेब्रुवारीत हौसेनं पिटुनियाची रोपं घेऊन येते, एप्रिलमधे ती मरतात, आणि ती बिचारी समजते की आपल्या हातालाच गुण नाही, आपल्याला झाडं जगत नाहीत. तिला कोणी सांगितलेलंच नसतं की पिटुनिया आपल्याकडे एका हंगामाचं झाड आहे, फुलून, बी धरून, उन्हात संपून जाणं हा त्याचा नेहमीचाच क्रम आहे आणि तुमच्याकडेही ते असंच संपतं. तुमचा एप्रिलचा एक फोटो तिला हे न बोलता सांगून जाईल. अशा कित्येक जणींनी पहिल्याच उन्हाळ्यात गमले उचलून भंगारात दिलेले मी बघितले आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आपल्या गावाचा पारा बघा ना, २०१३ च्या मे मधे ४७.९ अंशांवर गेला होता आणि २०१८ च्या डिसेंबरअखेर ३.५ पर्यंत उतरला होता. एकाच अंगणातल्या मातीला हे दोन्ही सोसायचं असतं. अशा ठिकाणी बारा महिने एकसारखी दिसणारी बाग असूच शकत नाही, आणि पुण्या-मुंबईकडच्या बागांचे फोटो बघून आपण आपल्या बागेला नावं ठेवतो ते तर अजिबात बरोबर नाही.

आणि उन्हाळ्यात काहीच नसतं असंही नाही हो. मोगरा मार्चपासून सुरू होतो तो पार मे-जूनपर्यंत चालतो. सदाफुली, कण्हेर, चाफा, अडेनियम, पोर्टुलाका ही सगळी उन्हात खुश असणारी मंडळी. बोगनवेलीला तर पाणी थोडं तोडलं की ती जास्त रंगते. एक फोटो मुद्दाम काढा ताई, बोगनवेलीचा एकच घोस अगदी जवळून. आपण ज्याला फूल म्हणतो त्या तीन पानोळ्या, म्हणजे फुलालगतची रंगीत पानं असतात, कागदासारख्या पातळ, शिरा स्पष्ट दिसणाऱ्या, आणि त्यांच्या मधोमध प्रत्येकीला चिकटून एक बारीक नळीसारखं फिकट फूल असतं, टोकाला इवलीशी चांदणी उघडलेली. खरं फूल ते. गेटवरून रोज जाणाऱ्या किती जणांनी ते बघितलं असेल? हा एक फोटो ग्रुपवर टाकून बघा, गप्पा सुरू होतील. मेच्या शेवटी किंवा पहिल्या पावसाच्या आसपास मे फ्लॉवरचा लाल गोळा रिकाम्या वाटणाऱ्या मातीतून पानांच्या आधीच वर येतो, तोही सोडू नका.

आता माझी एक आग्रहाची विनंती. गच्चीवर किंवा अंगणात एक जागा ठरवा, फरशीवर खडूनं किंवा ऑइल पेंटनं छोटी खूण करून ठेवा, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथेच उभं राहून, त्याच दिशेनं, साधारण त्याच वेळेला एक फोटो काढा. छान दिसो न दिसो, काढायचाच. वर्षभरानं बारा फोटो ओळीनं लावले की बाग काय करते ते कळतं. एक उदाहरण देते. घराच्या उत्तरेच्या भिंतीलगतचा वाफा डिसेंबरात दिवसभर सावलीत असतो, म्हणून आपण समजून चालतो की इथे ऊन येतच नाही आणि तिथे सावलीतली नाजूक झाडं लावून टाकतो. पण नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि मग जुलैच्या मध्यापर्यंत तो थोडा उत्तरेकडूनच जातो, म्हणजे तोच उत्तरेचा वाफा ऐन नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, सकाळ-संध्याकाळ उन्हात भाजून निघतो. झाडं मेली की आपण मातीला दोष देतो, खताला दोष देतो. बारा फोटो समोर असले की सावली कशी सरकली ते डोळ्यांनी दिसतं, कोणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

फोटोखाली तारीख आणि एक ओळ लिहीत चला. "१२ मे, मोगऱ्याचा दुसरा बहर, पाणी दोन वेळा, हिरवी नेट लावलेली" इतकं पुरे. नुसतं "गुड मॉर्निंग" लिहिलेल्या फुलाच्या फोटोतून कोणाला काहीच मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी तुम्हालाही आठवत नाही की हे केव्हाचं.

हो, सावलीसाठी बांधतो त्या नेटवरून आठवलं. हिरव्या नेटखाली काढलेल्या फोटोत सगळ्यावर हिरवट झाक येते, पांढरा मोगरा तर आजारी दिसतो. गमला हलवता येत असेल तर सकाळी लवकर नेटच्या बाहेर आणून फोटो काढा आणि लगेच परत ठेवा. मे मधे आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सात-साडेसातनंतरचं ऊन फोटोला आणि फुलाला दोघांनाही कडक होतं, त्यामुळे जे काय काढायचं ते चहाच्या आधी.

प्रश्न : मोगऱ्याचा फोटो काढला की फुलाच्या जागी नुसता पांढरा ठिपका येतो, पाकळ्याच दिसत नाहीत. लाल जास्वंदीचं पण तेच, लाल रंगाचा गोळा. फोन चांगला आहे, महागाचा आहे, मुलानं घेऊन दिला. सेटिंग जमून नाही राहिलं की फोनच खराब आहे? – एक निवृत्त शिक्षक, नंदनवन

सर, फोन अगदी ठीक आहे. फोनचा कॅमेरा सगळ्या चित्राचा उजेड मोजून सरासरी काढतो. मोगऱ्याच्या मागे गडद हिरवी पानं जास्त जागा व्यापतात, कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि पांढरं फूल त्यात धुऊन निघतं. लाल रंगाचंही तसंच, उन्हात तो फोनमधे पटकन भरून जातो आणि मग पाकळीवरच्या शिरा, सुरकुत्या, कडेची नाजूक चुणी सगळं गायब.

करायचं असं, स्क्रीनवर फुलावरच बोट टेकवा, बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह येईल, ते बोटानं खाली ओढा. फोटो थोडा काळपट वाटेल इतपत ओढा, घाबरू नका, पाकळ्या दिसायला लागतील. बहुतेक सगळ्या फोनमधे हे असतं. नंतर एडिटमधे उजेड थोडा वाढवता येतो, पण जे एकदा पांढरंफट्ट झालं त्यातून पाकळी परत आणता येत नाही, म्हणून चुकायचंच असेल तर काळपट बाजूला चुकलेलं बरं.

दुसरं म्हणजे थेट ऊन टाळा. ढगाळ दिवस फुलांच्या फोटोसाठी उत्तम, म्हणूनच जुलै-ऑगस्टचे फोटो आपोआप चांगले येतात. ऊन असेल तर कोणाला तरी छत्री धरून उभं करा, घरात नातवंडं असतील तर ती हे काम आनंदानं करतात. उजेड वर सांगितला तसा खाली ओढून मोगऱ्याच्या मागे गडद रंगाची ओढणी किंवा टॉवेल धरला तर फूल एकदम उठून दिसतं, आणि मागची पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे, कुलरचा स्टँड हे सगळं झाकलं जातं ते वेगळंच. आणि फोटो काढायच्या आधी लेन्स सुती रुमालानं पुसा सर. फोन दिवसभर हातात-खिशात असतो, लेन्सवर बोटांचं तेल लागलेलं असतं, पुष्कळ धुरकट फोटोंचं कारण तेवढंच असतं.

फुलांवर पाणी शिंपडून दवबिंदूंचे फोटो काढायची आजकाल फॅशन आहे, ती मला पटत नाही. पिटुनियासारख्या नाजूक पाकळ्या पाण्यानं लगेच डागाळतात, लोळतात. खरं दव बघायचं असेल तर डिसेंबरात सकाळी सात वाजता स्वेटर घालून बाहेर या, भरपूर मिळेल.

एक गंमतीचा प्रयोग सांगून ठेवते, तुमच्यासारख्या शिक्षकांना आवडेल. मधुमालतीचा एकच घोस ठरवा, त्याच्या देठाला दोरा बांधा, आणि पहिल्या संध्याकाळी, दुसऱ्या सकाळी, दुसऱ्या संध्याकाळी असे त्याचेच फोटो काढत जा. फूल उघडतं तेव्हा पांढरं असतं, मग गुलाबी होतं, मग लाल. लोकांना वाटतं वेलीवर तीन रंगांची फुलं येतात. शेजारच्या पोरांना ते फोटो ओळीनं दाखवा.

प्रश्न : नमस्कार, मी हिंगणा रोडला चौथ्या मजल्यावर राहतो, बाल्कनी पश्चिमेची, जागा कमी. आई गावाला असते, तिला फुलांची भारी आवड, तिला दर महिन्याला माझ्या बाल्कनीतल्या एका तरी फुलाचा फोटो पाठवायचा आहे. वर्षभर काही ना काही फुलत राहील असं काय लावू? दिवसभर ऑफिस असतं. – एक तरुण वाचक

भाऊ, तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. पश्चिमेची बाल्कनी म्हणजे उन्हाळ्यात दुपारी तीन ते सहा भट्टी, पण फुलझाडांना ऊन लागतंच, त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीपेक्षा तू नशीबवान आहेस.

सुरुवात मोगऱ्यापासून कर, कारण आईला तोच सगळ्यात जास्त आवडेल अशी माझी खात्री आहे. मोगऱ्याला थंडीत आराम द्यायचा असतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी अगदी कमी कर, जानेवारीच्या शेवटी फांद्या छाटून टाक, वरची माती खुरपीनं मोकळी करून शेणखत किंवा गांडूळखत घाल आणि मग पाणी सुरू कर. नवीन फुटव्याच्या टोकालाच कळ्या येतात, त्यामुळे छाटणीला हात कचरला तर फुलं कमी. मार्च, एप्रिल, मे ह्या तीन महिन्यांचे फोटो इथेच झाले. त्याच्या जोडीला एक अडेनियम ठेव, ते उन्हात फुलतं आणि तू चार दिवस बाहेर गेलास तरी रुसत नाही.

जूनमधे पहिला दणकून पाऊस झाला की रेन लिली चार-पाच दिवसांत फुलते, गुलाबी किंवा पांढरी, गमल्यात कांदे दाटीनं लाव म्हणजे एकदम उठाव येतो. जुलै-ऑगस्टला तेरडा आणि गुलबाक्षी, दोन्ही बियांवर येतात, पैसे लागत नाहीत. गुलबाक्षी संध्याकाळी उमलते, तू ऑफिसातून येशील तेव्हा ती ताजी असेल, नोकरी करणाऱ्यांसाठी हे झाड फार चांगलं आहे आणि कोणी लावत नाही. पोर्टुलाका मात्र ऊन वर आल्यावर उघडतो आणि दुपारनंतर मिटतो, त्याचा फोटो रविवारीच मिळेल तुला.

दसऱ्याला झेंडू हवा असेल तर दोन-अडीच महिने आधी बी पेर. गुलाब ठेवणार असशील तर पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात छाटणी कर, दीड-पावणेदोन महिन्यांनी म्हणजे हिवाळी अधिवेशनाची गर्दी गावात यायला लागते तेव्हा फुलं येतील.

आणि शेवंती. ह्या झाडाबद्दल थोडं जास्त सांगते कारण बाल्कनीवाल्यांची सगळ्यात जास्त तक्रार ह्याच झाडाची असते, पानं भरपूर, फूल नाही. जुन्या झाडाच्या बुडातून निघालेली पिल्लं जून-जुलैत वेगळी करून लावायची, रोप वितभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूला फांद्या फुटतात, ऑगस्टअखेरपर्यंत हे एक-दोनदा करायचं आणि मग हात लावायचा नाही. शेवंतीला कळी धरायला लांब आणि अंधारी रात्र लागते. दिवाळीच्या आधीपासून रात्र मोठी व्हायला लागते तेव्हा झाड कळीकडे वळतं. पण तुझ्या बाल्कनीत रात्रभर ट्यूबलाइट किंवा समोरच्या पार्किंगचा फ्लडलाइट पडत असेल तर झाडाला रात्र झालीय हेच कळत नाही आणि ते पानंच काढत बसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात बाल्कनीतला दिवा रात्री बंद ठेव, बाहेरचा उजेड येत असेल तर गमला कठड्याच्या आडोशाला सरकव. हे केलंस तर नोव्हेंबर ते जानेवारी शेवंतीचे फोटो आईला पाठवत राहशील.

फेब्रुवारी राहिला, त्यासाठी फ्लॉक्स किंवा डायंथसची रोपं नोव्हेंबरात आणून ठेव. ओल्या मातीचं वजन फार होतं म्हणून मातीत कोकोपीट मिसळ, कठड्यावर बाहेरच्या बाजूला गमले टांगू नको, वैशाखातल्या वावटळीत ते खाली जातात आणि खाली माणसं असतात.

आईला फोटो पाठवताना झाडाशेजारी तुझाही एखादा फोटो असू दे.

प्रश्न : मी माझ्या ब्रह्मकमळाचे आणि गुलाबांचे फोटो एका मोठ्या ग्रुपवर टाकले होते. महिन्याभरानं तेच फोटो दुसऱ्याच बाईंच्या नावानं, "माझी बाग" असं लिहून मला फॉरवर्ड होऊन आले. खूप वाईट वाटलं. आता फोटो टाकायची इच्छाच राहिली नाही. मुलगी म्हणते की फोटोवरून घराचा पत्ता पण कळतो, हे खरं आहे का? – एक वाचक, मानेवाडा

वाईट वाटणं साहजिक आहे ताई. वर्षभर पाणी तुम्ही घातलं, मावा-पिठ्या ढेकूण तुम्ही काढले, आणि नाव दुसऱ्याचं. फोटो ज्यानं काढला त्याचा त्यावर कायद्यानंही हक्क असतो, त्यामुळे त्या बाईंना सरळ, शांतपणे, वेगळा मेसेज करून सांगा की हा माझ्या घरचा फोटो आहे, काढून टाका किंवा माझं नाव लिहा. पुष्कळदा लोकांना फॉरवर्ड करताना आपण काही चुकीचं करून राहिलो हे लक्षातच येत नाही, सांगितलं की ऐकतात. पुढे फोटोच्या कोपऱ्यात नको, पाकळीच्या अगदी जवळ बारीक अक्षरात नाव टाका, कोपरा सहज कापला जातो.

पत्त्याचं मुलगी बरोबर सांगते. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर प्रत्येक फोटोच्या आत जागेची नोंद होते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ती नोंद निघून जाते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलनं पाठवला की ती सोबत जाते. आणि आपण चांगल्या क्वालिटीसाठी नेमकं डॉक्युमेंटच पाठवतो. तेव्हा कॅमेऱ्याच्या सेटिंगमधे जाऊन लोकेशन बंद करून टाका. मागे घराची पाटी, गाडीचा नंबर, शाळेच्या ड्रेसमधली मुलं येतात का तेही बघा, आणि बाहेरगावी असताना "घर बंद आहे पण बाग फुलली" असे फोटो परत आल्यावर टाका.

पण टाकणं सोडू नका. मोठ्या ग्रुपवर नको, दहा-बारा जणांच्या छोट्या ग्रुपवर टाका, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि फोटो बघून "ह्याची फांदी मला ठेवा" असं म्हणणारे लोक आहेत. फोटोचा खरा उपयोग तोच, पावसाळ्यात कलमं, बिया, कांदे इकडून तिकडे फिरायला लागतात.

प्रश्न : गुलाबाची पानं पिवळी पडून राहिली आहेत, सोबत फोटो पाठवला आहे, काय रोग आहे ते सांगा. – एक वाचक, काटोल रोड

दादा, फोटोत अख्खं झाड आहे, लांबून, संध्याकाळचं. त्यावरून मी काही सांगितलं तर तो अंदाज होईल आणि तुम्ही उगाच औषधावर पैसे घालवाल. झाडाची तब्येत दाखवायची असेल तर असे फोटो हवेत, अख्खं झाड गमल्यासकट, एक पिवळं पान वरून, तेच पान उलटं करून खालून कारण किडी आणि कोळ्यांची जाळी पाठीमागेच असते, आणि एक फोटो मातीचा आणि गमल्याच्या भोकाचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिवळं कुठलं पान पडतंय ते दिसू द्या. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे किंवा मुळाशी पाणी साचतंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार, असं असेल तर लोह कमी पडतंय. आपल्या काळ्या मातीत हे फार दिसतं, ती चुनखडीची, मातीत लोह असतं पण झाडाला घेता येत नाही. त्यावर कृषी केंद्रात चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह मिळतं, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात द्या, आणि मातीत शेणखत वाढवा.

अजून एक विचारते, कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी गमल्यात घालता का हो? नागपुरात घरोघरी हे चालतं, पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगलीच आहे. पण कुलरमधून पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत मागे राहतात, रोज भर घालत गेलं की ते पाणी खारट होत जातं. गमल्याच्या कडेला पांढरी पापडी धरलेली दिसली तर समजा तेच आहे. ते पाणी अंगण धुवायला वापरा. फोटो नव्यानं पाठवा, पान नक्की बघून सांगते. घाई असेल तर महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयात तोडलेलं पान आणि फोटो दोन्ही घेऊन विचारून बघा.

प्रश्न : ब्रह्मकमळ रात्री फुलतं, फ्लॅशनं फोटो चांगला येत नाही. काय करावं? – एक वाचक, धरमपेठ

फ्लॅश बंद. फोन खुर्चीच्या पाठीला किंवा स्टँडला टेकवा, नाइट मोड लावा, टायमर तीन सेकंदांचा ठेवा म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही, आणि दुसऱ्या फोनची टॉर्च पांढऱ्या कागदाआडून एका बाजूनं धरा. कळी अंधार पडल्यावर सुटायला लागते, पूर्ण उमलायला रात्रीचे अकरा-बारा होतात, सकाळी मान टाकलेली असते, तेव्हा त्या दिवशी जागायची तयारी ठेवा. आणि फोटोखाली हिमालयातलं दुर्मिळ फूल असं लिहू नका, आपल्या घरोघरी आहे तो निवडुंगाच्या कुळातला, हिमालयातलं ब्रह्मकमळ अगदी वेगळं झाड. आपलं फूल आहे तसंच पुरेसं सुंदर आहे.

प्रश्न : महालमधे आमचं जुनं घर आहे, मागच्या अंगणातली बाग सासूबाईंनी पूर्ण आयुष्य सांभाळली. आता त्यांना मागे जाता येत नाही, गुडघे साथ देत नाहीत. मी मोबाईलवर फोटो दाखवते पण त्यांना स्क्रीनवर नीट दिसत नाही. काय करता येईल? – एक सून

वहिनी, प्रिंट काढा. आजकाल कोणी काढत नाही पण म्हाताऱ्या माणसांसाठी हातात धरता येणाऱ्या फोटोला पर्याय नाही. फक्त व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो स्टुडिओत देऊ नका, तो लहान केलेला असतो, पोस्टकार्डाएवढा चालून जातो पण मोठा केला की धूसर दिसतो. मूळ फोटो पेन ड्राइव्हवर किंवा थेट फोनमधून द्या. मोठ्या साइझचे, आठ बाय दहाचे काढा, एका पानावर एकच, चकचकीत नको तर मॅट कागदावर, म्हणजे खिडकीचा उजेड चमकत नाही.

मूळ फोटोंची एक प्रत फोनबाहेरही ठेवा. गुगल फोटोजमधे जून २०२१ पासून मोफत जागा १५ जीबीच, तीही मेलबरोबर वाटून, ती भरली की नवीन फोटो वर जाणं थांबतं आणि आपल्याला कित्येक दिवस कळत नाही.

फोटो काढायला जाताना सासूबाईंनाच विचारून जा, आज काय बघू, कुठल्या झाडाला कळी धरायची वेळ झाली. त्यांना ते पंचांगासारखं पाठ असेल. जाई कधी लागते, प्राजक्त महालक्ष्म्यांच्या आधी सुरू होतो की नंतर, अबोलीचं बी कोणाकडून आणलं होतं. त्या सांगतील ते प्रिंटच्या मागे बारीक मार्करनं लिहून घ्या, शाई वाळू द्या, नाही तर दुसऱ्या फोटोला डाग पडतो. प्राजक्ताचा फोटो मात्र उजाडताच घ्या, सडा पडलेला असतानाच, आणि तीच फुलं ताटलीत भरून फोटोबरोबर त्यांच्या खाटेजवळ ठेवा. हलवता येतील ते दोन-चार गमलेही समोरच्या ओसरीत आणून त्यांना खुर्चीतून दिसतील असे ठेवा, पाणी घालायला छोटी झारी त्यांच्या हाताशी द्या.